खेळाच्या पडद्यापुढें ड्रमसेट



गाण्याच्या तालावर कळा दाबावयाचे संगणकी खेळ आतां नवे राहिलेले नाहींत. ज्यांच्या घरीं शाळा-कॉलेजांतलीं मुलें आहेत त्यांनीं ते पाहिलेच असतील. पडद्यावर एक रस्ता दिसतो. त्याच्या दूरच्या टोंकाशीं रंगीत खुणा उमटतात आणि आपल्याकडे घसरत येतात. खूण तळाच्या आडव्या रेघेवर येऊन पोंचली कीं नेमकी त्याच क्षणीं त्या रंगाची कळ दाबावयाची. वेळ साधली तर गुण मिळतो. हुकली तर गुण जातो, आणि पुष्कळ खेळांत गाण्यांतलें तेवढें वाद्य क्षणभर मुकेंही होतें. नियम एवढेच. आज मी या खेळाच्या एका विशेष प्रकाराविषयीं बोलणार आहें. कळांची पेटी बाजूला सारून तिच्या जागीं खराखुरा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट जोडावयाचा आणि काठ्यांनीं खेळावयाचें, असा तो प्रकार.

विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. पण त्याच्या पोटांत एक घरगुती प्रश्न दडलेला आहे. ड्रमसेट ही कांहीं स्वस्त वस्तु नव्हे. मुलें ती खेळासाठीं मागतात, आईबाप ती वाद्य म्हणून घेऊन देतात, आणि वर्षभरानें दोहोंपैकीं एका पक्षाची निराशा झालेली असते. कोणाची व्हावी हें पुष्कळसें जोडणीवर आणि वापरण्याच्या रीतीवर अवलंबून आहे. म्हणून काठी पॅडवर पडल्यापासून पडद्यावर गुण उमटेपर्यंत मध्यें काय काय घडतें, हें आधीं पाहूं.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. जपानच्या कोनामी कंपनीनें १९९९ सालीं 'ड्रममेनिया' नांवाचें यंत्र तेथील खेळघरांत मांडलें. नाणें टाकावयाचें, आसनावर बसावयाचें, आणि समोरचे पांच पॅड व पायाखालचें एक पेडल गाण्याबरोबर वाजवावयाचें. ते पॅड यामाहा या प्रसिद्ध वाद्यकारांच्या कारखान्यांतले होते. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच हा खेळ वाद्याच्या फार जवळ होता. पुढल्याच वर्षीं तो घरगुती प्लेस्टेशनवर आला, आणि २०१३ पासून 'गिटाडोरा' या नांवानें चालत आहे. २००१ सालीं नामको कंपनीनें 'ताइको नो तात्सुजिन' हा दुसरा खेळ काढला. त्यांत जपानी ताइको ढोल असतो. मध्यावर मारलें कीं 'दोन', कांठावर मारलें कीं 'का'. तबल्याचे बोल कानांत बसलेल्या माणसाला ही योजना पाहतांक्षणींच ओळखीची वाटते.

अमेरिकेंत ही लाट नोव्हेंबर २००७ मध्यें 'रॉक बँड' या खेळानें आली. तो करणारी हार्मोनिक्स ही मंडळी १९९५ पासून या उद्योगांत होती. अ‍ॅलेक्स रिगोपुलोस आणि इरान एगोझी हे तिचे दोघे संस्थापक मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रविद्यापीठांतून बाहेर पडलेले. ज्यांना वाद्य येत नाहीं त्यांनाहि वादनाचा आनंद कसा देतां येईल, या विचारानें पछाडलेले. 'रॉक बँड'च्या खोक्यांत प्लॅस्टिकची गिटार, ध्वनिक्षेपक आणि चार पॅडांचा ड्रम असे. पॅडांचे रंग डावीकडून तांबडा, पिवळा, निळा, हिरवा; पायाच्या पेडलाची खूण नारिंगी. दुसऱ्याच वर्षीं 'गिटार हिरो वर्ल्ड टूर'नें तीन पॅड आणि दोन उंच झांजा दिल्या, व त्या ड्रमच्या पेटीला एक लहानसें वाटोळें भोंक ठेवलें. त्या भोंकांतून खरा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट जोडतां येत असे. पुढें २०१० सालच्या 'रॉक बँड ३'नें झांजा आणि ढोल निरनिराळे ओळखणारी 'प्रो' नांवाची रीत आणली, आणि त्यासाठीं मॅड कॅट्झ कंपनीनें एक लहानशी दुभाषी पेटीच विकावयास काढली. तीं सर्व यंत्रें आतां जुन्या बाजारांत गेलीं आहेत. 'रॉक बँड ४'मध्यें आठवड्याला येणारीं नवीं गाणीं जानेवारी २०२४ मध्यें थांबलीं. पण खेळ संपला नाहीं. संगणकावर चालणारा 'क्लोन हिरो' हा विनामूल्य खेळ, आणि त्याच्या मागून आलेला 'यार्ग' हा खुल्या बांधणीचा खेळ, यांच्याभोंवतीं आज जगभरचे ड्रमवाले जमलेले आहेत.

येथें एक फरक ध्यानांत घेण्यासारखा आहे. प्लॅस्टिकच्या गिटारीला पांच कळा असतात. त्या कितीहि चपळाईनें दाबल्या तरी खऱ्या गिटारीवरचा एक स्वरहि त्यामुळें येत नाहीं. बोटांची जागा वेगळी, तारा नाहींत, सगळेंच सोंग. ड्रमचें तसें नाहीं. खेळाच्या सर्वांत वरच्या पायरीवर ज्या खुणा खालीं येतात त्या मूळ गाण्यांत ड्रमवाल्यानें मारलेले जवळजवळ सर्व ठोके असतात, त्याच क्रमानें आणि त्याच वेगानें. तांबडी खूण म्हणजे स्नेअर, पिवळी झांज म्हणजे हाय-हॅट, निळी म्हणजे राइड, हिरवी म्हणजे क्रॅश. काठी हातांत, पाय पेडलावर. तेव्हां येथें सोंग आणि सत्य यांच्यामधलें अंतर फार थोडें आहे. गाणाऱ्याचा भाग सोडला तर या खेळांतल्या दुसऱ्या फार थोड्या भागांना हें भाग्य लाभलेलें आहे. आणि म्हणूनच पालकांनीं या प्रश्नाचा विचार करावा असें मला वाटतें.

आतां यंत्राच्या पोटांत शिरूं. इलेक्ट्रॉनिक ड्रमचा पॅड म्हणजे रबराची किंवा जाळीदार कापडाची ताणलेली गादी, आणि तिच्या खालीं चिकटविलेली रुपयाएवढी एक पातळ चकती. ही चकती ज्या गुणावर चालते तो पिअर व जाक क्यूरी या भावांनीं १८८० सालीं शोधून काढला. कांहीं स्फटिकांवर दाब पडला कीं त्यांत क्षणभर वीज उत्पन्न होते, यालाच पीझो-विद्युत् म्हणतात. काठी पडली, गादी थरारली, चकतीनें विजेचा एक लहानसा झटका वर पाठविला. झटका जितका मोठा तितका मार जोराचा. हे झटके एका पेटींत जातात, तिला ड्रमवाले मॉड्यूल म्हणतात. ती पेटी झटका मोजते, कोणत्या पॅडकडून आला तें पाहते, आणि आपल्या भांडारांतला त्या ढोलाचा आवाज काढते.

परंतु आपल्याला आवाजापेक्षां दुसऱ्याच गोष्टीशीं कर्तव्य आहे. पेटी आवाज काढते त्याच वेळीं ती बाहेर एक इशाराहि पाठविते. या इशाऱ्यांची भाषा 'मिडी' या नांवानें ओळखली जाते. १९८३ सालच्या जानेवारींत अमेरिकेंतल्या एका वाद्यप्रदर्शनांत दोन निरनिराळ्या कारखान्यांचीं वाद्यें एका तारेनें जोडून दाखविलीं गेलीं. एकावर बोट ठेवलें कीं दुसरें वाजे. ती या भाषेची पहिली जाहीर परीक्षा. तिच्यासाठीं खटपट करणारे अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांना पुढें तीस वर्षांनीं, २०१३ सालीं, तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. प्रतिस्पर्धी कारखानदारांनीं आपसांत ठरवून एक भाषा पत्करावी आणि ती चाळीस वर्षांवर टिकावी, ही यंत्रांच्या जगांत विरळाच घडणारी गोष्ट आहे.

मिडीचा एक इशारा म्हणजे तीन आंकडे. पहिला सांगतो कीं आघात झाला. दुसरा सांगतो कशावर. तिसरा सांगतो किती जोरानें. दुसरा आणि तिसरा हे ० पासून १२७ पर्यंत कोठलेहि असूं शकतात. १९९१ सालीं ठरलेल्या सर्वसामान्य यादीप्रमाणें ३६ म्हणजे पायाचा मोठा ढोल, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे मिटलेली हाय-हॅट, ४६ म्हणजे उघडी हाय-हॅट, ४९ क्रॅश, ५१ राइड. जुन्या पद्धतीच्या तारेवरून सेकंदाला ३१,२५० या गतीनें बिंदु-खुणा जातात आणि एका इशाऱ्याला तशा तीस लागतात. हिशेब केला तर एक इशारा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि किंचित् कमी वेळांत पार होतो. या हजाराव्या भागाला मिलिसेकंद म्हणतात. पुढें हा शब्द वारंवार येणार आहे.

खेळाच्या यंत्राला मात्र मिडी कळेलच असें नाहीं. त्याला कळ कळते. तांबडी कळ दाबली कीं नाहीं, एवढाच त्याचा प्रश्न. म्हणून मधें कोणी तरी दुभाषा लागतो. खेळाच्या बंदिस्त यंत्रांवर तें काम मघांशीं सांगितलेली लहानशी पेटी करीत असे. संगणकावर 'क्लोन हिरो'सारखा खेळ स्वतःच मिडी ऐकतो, आणि अलीकडच्या बहुतेक मॉड्यूलांना यूएसबीची तार असल्यानें मधल्या पेटीची गरजच उरत नाहीं. ज्यांच्याकडे जुनें, पांच टांचण्यांचें वाटोळें भोंक असलेलें मॉड्यूल आहे त्यांनीं मिडीचें यूएसबी करणारी तार तेवढी विकत घ्यावी.

दुभाष्याचें काम वरकरणीं सोपें. ३८ आला कीं तांबडी, ४२ आला कीं पिवळी झांज, ३६ आला कीं पेडल. पण ड्रमसेट खेळण्यापेक्षां फार बोलका असतो. स्नेअरच्या गादीवर मारलें तर ३८, कड्यावर मारलें तर ४०. रोलँडच्या ड्रमसेटांत हाय-हॅटच्या पृष्ठभागाचे ४२ आणि ४६, तर त्याच झांजेच्या कडेचे २२ आणि २६. शिवाय पायानें झांज मिटली कीं ४४ हा निराळा इशारा जातो. आतां नवखा माणूस हाय-हॅटला ४२ तेवढा जोडतो आणि वाजवूं लागतो. मधूनच काठी कडेवर पडते, खेळाला कांहींच ऐकूं येत नाहीं, आणि साठलेल्या गुणांची मालिका तुटते. मुलगा म्हणतो यंत्र नादुरुस्त आहे. यंत्र अगदीं दुरुस्त असतें. एका झांजेचे चारहि इशारे पिवळ्या खुणेला बांधले कीं काम भागतें. ४४ मात्र मोकळाच सोडावा. कारण चांगल्या ड्रमवाल्याचा डावा पाय तालाबरोबर आपोआप हालत असतो, आणि तो इशारा जर खेळानें मोजला तर प्रत्येक हालचाल हा एक फुकटचा ठोका ठरेल. अशा फुकटच्या ठोक्यालाहि या खेळांत दंड आहे.

यापुढचा त्रास अधिक सूक्ष्म आहे. पॅड एकाच लोखंडी सांगाड्यावर बसविलेले असल्यानें एकावर जोरानें मारलें कीं शेजारचाहि किंचित् थरारतो आणि नसलेला ठोका उठवितो. त्याचप्रमाणें एकाच माराचा थरार पुरता शमण्यापूर्वीं पेटीनें तो पुन्हां मोजला तर एकाचे दोन होतात. आवाजासाठीं वाजवितांना अशा बारीक भुतांकडे कान दुर्लक्ष करतो. खेळ करीत नाहीं. उपाय मॉड्यूलमध्येंच असतो. कितीहून हलका थरार मोजूं नये, ही एक मर्यादा. एका ठोक्यानंतर किती मिलिसेकंद कान झांकून घ्यावे, ही दुसरी. त्या दोन्ही थोड्याथोड्या वाढवीत जावें, आणि हलके पण खरे ठोके गळूं लागले कीं एक पायरी मागें यावें. हें काम चहाच्या दोन कपांच्या बेताचें आहे, पण न केल्यास पुढें महिनाभर चिडचिड होते.

उलट बाजूनेंहि एक अडचण येते. संगणक पडद्यावरचें चित्र सेकंदाला बहुधा साठ वेळां बदलतो. म्हणजे दर चित्राला सुमारें १७ मिलिसेकंद. पुष्कळ खेळ त्याच वेगानें कळांकडे नजर टाकतात. ड्रमचा इशारा तर काठी पडली आणि उठली इतका क्षणिक. कळ दोन मिलिसेकंदच दाबली गेली तर दोन नजरांच्या मधें ती येऊन निघूनहि जाईल. म्हणून चांगला दुभाषा ती कळ थोडा वेळ दाबून धरतो. पण फार वेळ धरली तर भरभर दोन ठोके मारले असतां दुसरा गिळला जातो, कारण पहिल्याची कळ अजून सुटलेलीच नसते. स्नेअरवर लांब रोल वाजवितांना खेळ अर्धे ठोके मोजीत असेल तर दोष मनगटाचा नसून बहुधा या धरून ठेवण्याचा असतो.

आतां विलंबाकडे वळूं, कारण या सर्व प्रकरणाचें मर्म तेथें आहे. मिनिटाला १२० ठोक्यांच्या मध्यम लयींत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. त्याचे चार भाग केले तर प्रत्येक भाग १२५ मिलिसेकंदांचा. हल्लींचा मोठा दूरचित्रवाणीचा पडदा चित्र सुशोभित करण्याच्या नादांत कित्येक वेळां ५० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक मागें राहतो. म्हणजे त्या चौथ्या भागाचेहि जवळजवळ दोन-पंचमांश आपण चुकलोंच. बिनतारी कर्णफुलांत तर याहून मोठा विलंब लागतो. सामान्य प्रतीचीं असलीं तर शंभराहून अधिक. ड्रम वाजवितांना तीं वापरूं नयेत, असें मी स्पष्टच सांगतों. तुलनेसाठीं पाहा: हवेंतून आवाज सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो, तेव्हां रंगमंचावर तीन मीटर दूर बसलेल्या सोबत्याचा सूर आपल्याला सुमारें नऊ मिलिसेकंद उशिरां ऐकूं येतो. तेवढ्याची कानाला सवय असते. पन्नासाची नसते.

खेळांत यासाठीं मेळ बसविण्याची सोय असते. यंत्र एकसारखे टकटक ठोके ऐकवितें, आपण त्याबरोबर मारावयाचें, आणि सरासरी किती उशीर होतो तें मोजून यंत्र तितकी सूट देतें. नंतर तेंच चित्राविषयीं करावयाचें. पुष्कळ घरांत हा विधि कंटाळा म्हणून टाळला जातो. माझ्या मतें तो टाळणें म्हणजे मुलाला चुकीच्या घड्याळावर शाळेंत पाठविणें होय. पडदा बदलला, ध्वनीची तार बदलली, कीं मेळ पुन्हां बसवावा. आणि पडद्याला 'गेम' नांवाची स्थिति असेल तर आधीं ती लावावी, म्हणजे सुशोभित करण्याचा उद्योग बंद पडून विलंब कमी होतो.

याच ठिकाणीं खेळण्यांतला ड्रम आणि खरा इलेक्ट्रॉनिक ड्रम यांच्यांतला एक भेद पुढें येतो. त्याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. प्लॅस्टिकच्या पॅडवर मारलें असतां पॅडचा टपटप आवाज सोडून दुसरें कांहीं वाजत नाहीं. आपण योग्य वेळेच्या आसपास मारलें कीं मूळ गाण्यांतला मुद्रित ठोका ऐकूं येतो. तो अर्थातच अगदीं अचूक वेळेवर येतो, कारण तो उत्तम वादकानें वाजविलेला असतो. खेळ थोडी सवलत देतो. खुणेच्या पुढेंमागें सेकंदाच्या वीस-पंचविसाव्या भागाची चूक त्याला चालते. म्हणजे मुलगा चाळीस मिलिसेकंद घाईनें वाजवीत राहिला तरी पडदा म्हणतो शाबास, आणि कानावर पडतो तो दुसऱ्याचा निर्दोष ताल! अशा रीतीनें वर्षभर वाजविलें तर गुण वाढतील, पण आपण घाई करतों हें त्या मुलाला कधींच कळणार नाहीं.

खऱ्या ड्रमसेटला स्वतःचा आवाज आहे, आणि तो काठी पडतांच, थोड्या मिलिसेकंदांत उमटतो. तो बंद न करतां गाण्याबरोबर ऐकला तर दोन ठोके ऐकूं येतात, आपला आणि मूळ वादकाचा. ते एकमेकांवर बसले तर एकच भरदार ठोका. न बसले तर 'टक्' च्या जागीं 'टरक्'. पडद्यानें दिलेले गुण फसवे असूं शकतात, ही 'टरक्' मात्र कोणाच्या भिडेला पडत नाहीं. म्हणून ज्यांना खेळांतून वादन शिकावयाचें आहे त्यांनीं मॉड्यूलचा आवाज चालूंच ठेवावा. बहुतेक मॉड्यूलांना बाहेरचा ध्वनि आंत घेण्याचें भोंक असतें. संगणकांतून गाण्याची तार त्यांत आणावी आणि तारेचीं कर्णफुलें मॉड्यूललाच लावावीं, म्हणजे दोन्ही आवाज एका जागीं मिळतात आणि पडद्याच्या भोंग्याचा उशीरहि टळतो.

मग हा खेळ विद्या देतो काय? माझें उत्तर असें आहे कीं कांहीं देतो आणि कांहीं देत नाहीं. जें देतो तें मोठें आहे, आणि जें देत नाहीं तें त्याहून मोठें आहे.

ड्रमच्या वादनांत दोन हात आणि दोन पाय निरनिराळीं कामें एकाच वेळीं करीत असतात. आरंभींच्या शिकाऊला उजवा हात चालला कीं उजवा पायहि त्याच्यामागें जावासा वाटतो. ही गांठ सोडविण्यास शेकडों तासांचा कंटाळवाणा सराव लागतो, आणि बहुतेक मुलें तेथेंच काठ्या खालीं ठेवतात. खेळ हा कंटाळा काढून टाकतो. गाण्याचा एक तुकडा निवडून तो मंद गतीनें पुनःपुन्हां वाजविण्याची सोय त्यांत असते, सोप्या पायरीवरून कठीण पायरीवर जातां येतें, आणि तास केव्हां गेले तें कळत नाहीं. हातापायांची फारकत अशी नकळत साधते, आणि ती खऱ्या ड्रमवर जशीच्या तशी उपयोगी पडते.

पण कोणता ठोका उजव्या हातानें मारावा आणि कोणता डाव्या, हें खेळ पाहत नाहीं. काठी कशी धरली आहे तें त्याला दिसत नाहीं. जोर किती, याकडे जुने खेळ ढुंकूनहि बघत नसत. नव्यांत हलका आणि ठसठशीत ठोका वेगळा ओळखण्याची सोय आलेली आहे, पण ती ज्या गाण्यांत खुणा तशा मांडल्या आहेत तेथेंच. कित्येक खेळाडू तर गुणांच्या हव्यासानें पॅड इतके हळवे करून ठेवतात कीं काठी नुसती टेंकविली तरी भागावें. त्यांचे हात चपळ होतात आणि ठोका पोंचट.

याहूनहि खोल उणीव आहे ती लयीच्या मालकीची. आपल्या मैफिलींत तबलजी तीनतालाचा ठेका धरतो. सोळा मात्रांचें आवर्तन त्याच्या हातांत असतें. गाणारा त्यावर हवा तसा खेळतो, तान घेऊन भटकतो आणि समेवर परत येतो, कारण ठेका जागचा हालणार नाहीं अशी त्याची खात्री असते. पाश्चात्य वाद्यवृंदांतहि ड्रमवाल्याचें कर्तव्य हेंच. इतरांनीं आपल्यावर विसंबावें असा काळ त्यानें निर्माण करावयाचा असतो. खेळांत तर काळ आधींच मुद्रित झालेला आहे. तो आपल्यासाठीं थांबत नाहीं आणि आपल्यामुळें ढळतहि नाहीं. खेळाडू मागून चालणारा होतो, पुढें चालणारा होत नाहीं. शिवाय खूण येतांना दिसते म्हणून हात उठतो. पुढची मात्रा मनांत मोजण्याचें कारणच उरत नाहीं. अत्यंत कठीण गाण्यांत पूर्ण गुण मिळविणाऱ्याला पडदा झांकून साधा ठेका चार मिनिटें एका लयींत धरावयास सांगितला, तर तो दुसऱ्याच मिनिटाला धांवूं लागतो, यांत नवल नाहीं.

यावर तोड आहे, आणि ती फुकट आहे. जें गाणें खेळांत बसलें तें दुसऱ्या दिवशीं पडद्याकडे पाठ करून, नुसतें ऐकत वाजवावें. मग गाणेंहि बंद करावें आणि मॉड्यूलमधल्या टकटक घड्याळावर तेंच वाजवावें. मग घड्याळहि बंद करून वाजवावें आणि ध्वनिमुद्रण करून लय कोठें सरली तें ऐकावें. या तीन पायऱ्या ज्याच्या अंगवळणीं पडल्या त्याच्या हातीं खेळानें वाद्य दिलें असें समजावयास हरकत नाहीं. शिक्षक असेल तर फारच उत्तम. मनगट आणि पकड यांविषयीं चार धडेहि पुष्कळ काम करतात.

शेजाऱ्यांविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे, कारण आपण बहुतेक जण चाळींत किंवा मजल्यांच्या घरांत राहतों. इलेक्ट्रॉनिक ड्रम मुका असतो असें दुकानदार सांगतात. वरच्या अंगानें तें खरें आहे. जाळीदार गादीवरच्या काठीचा आवाज बंद दाराबाहेर फारसा जात नाहीं. पायाच्या पेडलाची गोष्ट वेगळी. त्याचा हातोडा जमिनीवर उभ्या केलेल्या पॅडवर आपटतो आणि तो धक्का हवेंतून न जातां थेट लादींतून खालच्या बिऱ्हाडाच्या छतांत उतरतो. वाजविणाऱ्याच्या कानांत गाणें असतें. खालच्याच्या डोक्यावर मात्र नुसती धपधप. गालिचा टाकून ही धपधप जात नाहीं. ड्रमवाले यासाठीं एक युक्ति करतात. जाड फळीच्या दोन तुकड्यांमध्यें टेनिसचे चेंडू खोबणींत बसवून एक चौथरा करावयाचा आणि सगळा संच त्यावर मांडावयाचा. चेंडू धक्का पुष्कळसा गिळतात. तरी रात्रीं नवानंतर पेडलाला सुट्टी द्यावी. खेळांत पेडलाशिवाय वाजविण्याची सोय बहुधा असतेच.

शेवटीं, नवा ड्रमसेट घेण्याचा विचार मनांत येण्यापूर्वीं घरांतल्या किंवा नात्यांतल्या एका वाद्याची चौकशी करावी. मुंबई-पुण्याच्या वाद्यवृंदांत आणि गणपतीच्या मिरवणुकींतल्या बँजो पार्ट्यांत जो ऑक्टोपॅड वाजतो, तो याच कामाचा आहे. रोलँड कंपनीनें १९८५ सालीं काढलेल्या मूळ ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. आठ पॅडांवरचे आघात मिडीच्या इशाऱ्यांत बदलून दुसऱ्या यंत्राकडे पाठविणें एवढेंच त्याचें काम होतें, म्हणजे नेमकें आपल्याला हवें आहे तेंच. पुढच्या नमुन्यांत आवाज आले तरी मिडी राहिलें, आणि पायाचें पेडल बाहेरून जोडण्याची सोयहि आली. आठ पॅड म्हणजे खालच्या ओळींत तांबडा, पिवळा, निळा, हिरवा आणि वरच्या ओळींत तीन झांजा; एक शिल्लक उरतो. फक्त त्याचे आंकडे वर सांगितलेल्या यादीप्रमाणें असतीलच असें नाहीं, कारण प्रत्येक वादक ते आपल्या सोयीनें बदलून ठेवतो. तेव्हां खेळांतील जोडणीचें पान उघडावें, एकेक पॅड मारावा आणि कोणता आंकडा येतो तें पाहून त्या त्या रंगाला बांधावा. पॅड लहान आणि एकमेकांना लागून असल्यानें हात ऐसपैस फिरविण्याची संवय त्यावर होणार नाहीं. पण मुलाची हौस आठवड्याची आहे कीं वर्षांची, हें त्यावर दोन महिन्यांत कळून येतें.